मार्चअखेरचं पाणी

केकऱ्यांच्या घरात त्या दिवशी नळाने फक्त खाकरून दाखवलं. दोन गुळण्या तांबूस पाणी आलं आणि तोटी गप्प झाली. कुंदाताईंनी तोटीला एक चापट मारून पाहिली, मग काल भरून ठेवलेल्या पिंपाचं झाकण काढलं आणि पोहे धुवायला घेतले. पोहे धुतलेलं पाणी त्यांनी ओट्याखालच्या बादलीत ओतलं. ते तुळशीला जायचं होतं. हेमचंद्रराव खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उलटा-सुलटा करत बसले होते. गॅलरीतल्या दोरीवर रात्रीच वाळत घातलेल्या दोन साड्या आणि एक टॉवेल होता. एप्रिल अर्धा सरला होता आणि सकाळपासूनच उन्हाला धार होती.

वीज गेलेली होती, त्यामुळे बेल वाजली नाही. दारावर थाप पडली.

दारात योगेश सुभेदार उभा होता. कॉलनीच्या समितीचा सेक्रेटरी. त्याचे वडील आणि हेमचंद्रराव फॅक्टरीत एकाच शेडमधून घरी निघायचे, एकमेकांच्या सायकलीत हवा भरायचे. योगेशला मराठी सगळं कळे, बोलणं मात्र निम्म्यात हिंदीकडे वळे. त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि तो चप्पल काढू का नको अशा विचारात होता.

"काका, उठले होते ना? अच्छा झालं. दोन मिनिटं फक्त. विहिरीच्या कागदावर तुमची साइन राहून गेली आहे."

हेमचंद्ररावांनी पेपरची घडी घातली. कुंदाताईंनी योगेशला आत घेतलं, बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. पाण्याच्या टंचाईतही त्यांच्या घरी आलेला माणूस चहा न घेता गेलेला नाही. योगेशने मग सगळं सांगितलं, जरा घाईत आणि कपबशीकडे बघत. मलब्याचा ट्रक तिलवाऱ्याच्या बाजूने निघालेला आहे. दुपारपर्यंत विहीर बुजवून होईल, वर मुरूम, मग फरशा. गाड्या लावायला जागा होईल आणि कोपऱ्यात जनरेटर बसेल. विहीर सोसायटीकडे आली तेव्हा कागद हेमचंद्ररावांच्या नावाने झाला होता, म्हणून त्यांची सही हवी. बाकी काही अडचण नाही.

"आजच काहून?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

योगेश घुटमळला. पुढच्या आठवड्यात आकती होती, म्हणजे आपली अक्षय तृतीया. त्या दिवशी मागच्या वस्तीतली हर्षा पटेल हळदकुंकू घेऊन विहिरीवर येते. जाळीवर फूल वाहते, बायका गोळा होतात. "तब तक हो जाए तो अच्छा," तो म्हणाला. "नंतर भावनांचा प्रश्न होतो, काका."

हेमचंद्रराव केकरे म्हणजे काय चीज आहे, हे त्या कॉलनीत कुणाला सांगावं लागत नसे. निदान पूर्वी लागत नसे. त्यांचे कुणी पणजोबा-खापरपणजोबा भोसल्यांच्या चाकरीत नर्मदेच्या काठी आले आणि इथलेच झाले. वडील रेल्वेत तारबाबू. हे बी.कॉम. होऊन सरकारी फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये हिशेबनीस म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले. आलेला माल, दिलेला माल, उरलेला माल. स्क्रूपासून ताडपत्रीपर्यंत प्रत्येक वस्तूची तीन खाती. कुंदाताई अमरावतीहून लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांना कळलं की आपण ज्याच्याशी लग्न केलंय तो माणूस डब्यातल्या पोळ्या मोजून जेवतो. खादाड म्हणून नव्हे. किती केल्या, किती उठल्या, किती गाईला गेल्या हे जुळलं की त्याला शांत झोप लागते, म्हणून. माहेरी त्या हसून सांगत, आमच्याकडे चोर शिरला तर हे त्याच्याकडून आधी पावती घेतील.

फॅक्टरीच्या लोकांनी तिलवारा रस्त्याच्या आत प्लॉट घेऊन कॉलनी बसवली तेव्हा आजूबाजूला पटेलांच्या भाजीच्या बाऱ्या, म्हणजे मळे, होते, वांगी, कोबी, मेथी, आणि मधोमध ही विहीर. दगडी, रुंद, एका अंगाने आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. महापालिकेचा नळ यायला अजून बरीच वर्षं होती. म्हाताऱ्या विष्णू पटेलांनी विहीर कॉलनीला दिली, विकली नाही. एवढंच म्हणाले की आम्हालाही पाणी राहू द्या, आणि आकतीला आम्ही येऊ.

त्या आकतीची गंमत कुंदाताईंना अजून आठवते. नव्या घरात आल्या वर्षीच पटेलांच्या घरून बोलावणं आलं होतं. भर उन्हात सगळी वस्ती विहिरीच्या कठड्याशी जमलेली. विष्णू पटेल धोतर खोचून पायऱ्यांनी खाली उतरले आणि पाण्याच्या वर कुठली पायरी कोरडी आहे ते बघून आले. तेवढंच. त्यावरून ठरायचं, यंदाच्या उन्हाळ्यात कुणी किती वाफे लावायचे, कुणाची बारी पडीत ठेवायची. त्या वर्षी पाणी बरंच उतरलं होतं. पटेलांच्या स्वतःच्या भावाला काकडी लावू नको म्हणून सांगितलं, तो चिडला, बायकोने त्याला घरी ओढत नेलं. मग गुळाचा सातू वाटला. कॉलनीच्या मंडळींनी फोटो काढले. हेमचंद्ररावांनी विचारलं होतं की याची नोंद कुठे ठेवता. पटेल म्हणाले, नोंद काय ठेवायची, पायरी तिथेच आहे.

हे मात्र हिशेबनिसाला पटणारं नव्हतं.

मग पंप बसला, टाकी बांधली, घरोघर मीटर आले. लहान पोरं पायऱ्यांवर खेळतात, एखादं घसरेल, म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलं. पायऱ्या जाळीखाली गेल्या. आणि पाण्याची सगळी व्यवस्था हेमचंद्ररावांनी हातात घेतली. माणशी ठरलेला वाटा, घरटी खातं, महिन्याला मीटरची नोंद. सुभेदारांकडे पाहुणे आले तर शेजारच्यांच्या खात्यातून उसने, पुढल्या महिन्यात परत. पटेलांच्या बाऱ्यांनाही वेगळं खातं. कुणाला एक घागर जास्त नाही, कुणाला एक कमी नाही. त्या वर्षांत शहरभर पाण्यावरून डोकी फुटत होती आणि या कॉलनीत एक भांडण नव्हतं. इतर सोसायट्यांची माणसं बघायला यायची. हेमचंद्रराव त्यांना चहा पाजून सगळं समजावत, आणि कुंदाताई चहा गाळता गाळता म्हणत, यांनी पावसालाही पावती फाडायला लावली असती.

एक भानगड सुरुवातीला झाली होती. अग्निहोत्री म्हणून एक कुटुंब होतं. ते दोन-तीन महिने गावी गेले आणि परत आल्यावर म्हणाले, आमचा साठलेला वाटा एकदम द्या, मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. पंपाला ते झेपेना. मग सभा भरली आणि सभेत जे बसले होते ते सगळे फॅक्टरीचे, रेल्वेचे, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचे लोक. त्यांना असल्या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ होतं. वर्ष एप्रिलला सुरू, मार्चला बंद. मार्चअखेर खात्यात जे उरेल ते रद्द. आणि ज्याचं बरंच उरेल त्याला पुढच्या वर्षी वाटा कमी, कारण त्याला गरज नाही हे दिसलंच की. ठराव एकमताने पास झाला. आयुष्यभर ते तसंच करत आले होते. आलेली रक्कम मार्चच्या आत संपवली नाही तर परत जाते आणि पुढच्या साली कमी येते, हे कुठल्याही कारकुनाला कळतं.

तेव्हापासून कॉलनीत मार्चच्या शेवटच्या आठवड्याची शान काही और होती. पाडवा त्याच्याच मागेपुढे येई. गोधड्या निघत, गालिचे निघत, पडदे निघत. गच्च्या धुतल्या जात, जिने धुतले जात, स्कूटरींना आंघोळ घातली जाई. ज्या बायांनी वर्षभर भांड्याला राख लावून पाणी वाचवलं असे त्यांच्याकडे सगळ्यात जास्त शिल्लक राही, म्हणून त्यांच्याच गच्च्या सगळ्यात लख्ख. आंबेकरीणबाई तर अंगणात पाइप सोडून खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, संपवून राहिले बाई, नाही तर केकरे भाऊजी कापतील. हिंदी शेजाऱ्यांनीही ते उचललं. नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, मराठी लोक पाडव्याला फार स्वच्छता करतात. कुंदाताईही करत. रस्त्यावरून उताराने पाण्याचा ओघळ जाई तेव्हा उन्हात तो सुंदर दिसे. उन्हाळा तोंडावर आलेला असताना आपण काय करतोय, हे त्या ओघळाकडे बघून कुणाच्याही मनात आलं नाही. दर एप्रिलला हेमचंद्रराव वर्षाचं खातं बंद करत आणि शेवटी एकही घागर बेहिशेबी राहत नसे. मग ते खुशीत कुंदाताईंना नेपियर टाउनला आइस्क्रीम खायला नेत.

पंपाने पहिल्यांदा नुसती हवा ओढली तेव्हा पंप दुरुस्त करायला माणूस बोलावला. मग पंपाचा फूट व्हॉल्व्ह आणखी खाली सरकवला. मग विहिरीच्या तळात बोअर मारला. प्रत्येक वेळी सभा झाली, प्रत्येक वेळी सगळ्यांचा वाटा सारखाच कमी केला, तोही इतका चोख की तक्रारीला जागा नव्हती. पटेलांच्या बाऱ्या आधी गेल्या. विष्णू पटेल वारले, पोरांनी जमीन बिल्डरला दिली. वाफ्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपापले बोअर मारले. हर्षा, पटेलांची धाकटी सून, मागच्या दोन खोल्यांत राहिली. ती आता मंडीतून भाजी आणून हातगाडीवर विकते. नर्मदेचा नळ आला, नर्मदेचा नळ आटला, टँकर आला. विहिरीचं कुलूप गंजून गेलं तरी कुणी उघडलं नाही.

हे सगळं हेमचंद्ररावांच्या ध्यानात आलं ते फार उशिरा, आणि तेही एका कौतुकाच्या कामात. कॉलनीची स्मरणिका निघायची होती. योगेशनेच आग्रह धरला की काका, आपल्या पाण्याच्या व्यवस्थेवर तुम्हीच लिहा. म्हातारा हरखला. गावकऱ्यांनी सामायिक पाण्याचा हिशेब पूर्वी कसा ठेवला यावर त्यांनी दोन महिने वाचन केलं. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची आणि ती बुडेपर्यंत एकाची पाळी. खानदेशातले फड, जिथे नदीचं पाणी आधी बघायचं आणि मग यंदा किती फड भिजवायचे ते ठरवायचं. जेवताना ते कुंदाताईंना हे सगळं सांगत. मग एक दिवस सांगणं थांबलं.

कुंदाताईंनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, मी आपला सगळा कारभार पुन्हा बघितला. कुणी किती नेलं, ते आहे. कुणाचं किती उरलं, आहे. विहिरीत किती होतं, ते कुठेच नाही. एका वर्षाचंही नाही. स्टोअर्समध्ये दरसाल गोडाउन उघडून माल मोजायचो कुंदा, कागदावर भरवसा नाही ठेवायचो. इथे गोडाउनच उघडलं नाही.

कुंदाताई म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, तुम्ही एकटे नव्हते. पण ठराव लिहिलेलं अक्षर कुणाचं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी तेही लेखात लिहिलं. सरळ लिहिलं. स्मरणिका आली तेव्हा त्यांचा लेख मध्येच संपला होता आणि उरलेल्या अर्ध्या पानावर एका कोचिंग क्लासची जाहिरात होती. योगेशने फोनवर माफी मागितली, जागेची अडचण झाली म्हणाला. लेक चिन्मयीने पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून लिहिलं, बाबा, नाइस आर्टिकल.

त्याच सुमारास हेमचंद्ररावांनी बाजारातून नायलॉनची लांबलचक दोरी आणली. दोन दुपारी खपून तिला हात-हाताच्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला पितळी वजन बांधलं. जाळीचं कुलूप समितीकडे होतं. किल्ली मागायला ते दोनदा निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. पुढे दोरी गॅलरीत पडून राहिली. वजन काढून कुंदाताईंनी तिच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली आणि गाठींत साडीची जर अडकते म्हणून बोलतही राहिल्या. दोरी कशाची आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात विहीर बुजवण्यावर सभा झाली. हेमचंद्रराव उभे राहिले. ते म्हणाले की विहीर उघडी ठेवू, सगळ्या गच्च्यांचं पावसाचं पाणी तिच्यात सोडू, दहा-पंधरा वर्षांत काही तरी होईल. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग मतं घेतली. हात मोजायचं काम, नेहमीप्रमाणे, केकरे काकांकडेच दिलं. त्यांनी ते मोजले. बुजवावी म्हणणारे हात इतके होते की मोजायची गरजच नव्हती, तरी त्यांनी बोट फिरवत मागच्या रांगेपर्यंत मोजले आणि आकडा सांगून खाली बसले.

चहा निवत आला होता. योगेशने फाइलमधून कागद काढला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. त्याचा फोन वाजला, ट्रकवाला रस्ता विचारत होता. योगेशने त्याला पुलाकडून सरळ यायला सांगितलं.

"काका, मलाही आवडत नाही हे," तो फोन ठेवून म्हणाला. "बाबांनी मला त्या विहिरीवर पोहायला शिकवलं, जाळी लागायच्या आधी. पण तिथे आता काय आहे, सांगा ना. डास आहेत. प्लास्टिक आहे. तीन-चार घरांना गाडी लावायला जागा नाही, रोज भांडणं होऊन राहिलीत."

"बरोबर आहे तुझं," हेमचंद्रराव म्हणाले. ते उपरोधाने बोलत नव्हते. योगेशचं बरोबरच होतं. हा पोरगा सभेच्या ठरावाप्रमाणे वागत होता, जसे ते स्वतः वागले होते.

"सही नाही केली तर?" कुंदाताईंनी मधेच विचारलं.

योगेशने मान खाली घातली. सही नसली तर वकिलाचं पत्र जोडू, असं समितीचं ठरलेलं होतं. थोडा उशीर होईल, फार नाही. "काकूजी, ट्रक परत पाठवावा लागेल आज. पुढच्या महिन्यात येईल. होणार तर आहेच."

हेमचंद्ररावांनी चष्मा पुसला. कागद त्यांनी वरून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर विहीर कोरडी व निरुपयोगी आहे. 'कोरडी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हे कुणी बघितलं?"

"काय, काका?"

"कोरडी आहे म्हणून. खाली कोण उतरलं होतं? कोणी वाकून बघितलं?"

योगेश हसला, मग त्याचं हसू गेलं. कोणी बघितलं नव्हतं. जाळीवर पाचोळा साचून थर झाला होता, त्यातून काही दिसत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं म्हणून लिहिलं होतं. तो म्हणाला, "असलं तरी बोटभर असेल ना काका. त्याने काय फरक पडतो?"

"काही नाही पडत," हेमचंद्रराव म्हणाले.

कुंदाताई उठल्या. गॅलरीत गेल्या, साड्या काढल्या, टॉवेल काढला, ते खुर्चीच्या पाठीवर टाकले. मग दोन्ही खिळ्यांवरून दोरी सोडली आणि हातावर गुंडाळत आत आल्या. देवघराच्या खालच्या फळीवरून त्यांनी ते पितळी वजन आणलं आणि दोरीच्या टोकाला बांधलं, मागे होतं तसंच. दोरी त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. दोरीला अजून साबणाचा वास होता.

हेमचंद्ररावांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली, पूर्ण नाव, खाली तारीख. कागद त्यांनी योगेशपुढे सरकवला, पण त्याच्यावरून हात उचलला नाही.

"ट्रक यायच्या आधी जाळीचं कुलूप उघडून दे," ते म्हणाले. "मला एकदा पाणी मोजायचं आहे."